तुटक रेषेतलं गाव

भाड्याने घर घ्यायला गेलं की लोक आधी नोकरी विचारतात, मग पगार, मग आडून आडून जात. आमच्या मुलुंडच्या घरमालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, आम्हा नवराबायकोला सोफ्यावर बसवलं, चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "गाव कुठलं?"

"घाटकोपर," मी म्हटलं.

"घाटकोपर हा पत्ता झाला. मी गाव विचारतोय."

"काका, माझा जन्म घाटकोपरचा. बाबांचा पण. सासरसुद्धा घाटकोपरचंच. घर लहान पडतं म्हणून तर इथे आलोय."

"अरेरे," काका म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. कुणाचं लहानपणीच आईबापांचं छत्र गेलं असं कळल्यावर माणूस म्हणतो ना, तसं. मग माझ्या नवऱ्याकडे आशेने पाहून त्यांनी विचारलं, "यांचं तरी?" नवऱ्याने आजोळ जुन्नरकडचं असल्याचं चाचरत सांगितलं. आजोळ चालणार नव्हतं. तेवढ्यात आतून पोह्यांच्या बशा घेऊन काकू आल्या. त्या मालवणकडच्या. इतकी वर्षं मुंबईत काढूनही त्यांनी नवऱ्याशी मालवणीच बोलायचं व्रत सोडलं नव्हतं.

"घर भाड्यान देतास काय सोयरीक करतास?" त्या म्हणाल्या, आणि आम्हाला घर मिळालं.

काकांचे एकमेकांना लागून दोन छोटे फ्लॅट होते. एकात ते दोघं राहत, दुसरा आम्हाला दिला. सोसायटीत त्यांना सगळे 'गाववाले काका' म्हणत. समोर म्हणत आणि मागेही म्हणत. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस, गॅसवाला, मतदारयादी घेऊन आलेल्या बाई, कुणाचीही 'गाव कुठलं' यातून सुटका नसे. कुणी गावाचं नाव सांगितलं की ते तालुका विचारत, मग जवळची नदी, मग जत्रा कधी असते ते. एकदा पिझ्झा घेऊन आलेल्या मुलाने 'आझमगढ' म्हटलं, तर त्याला त्यांनी दारात उभं करून तिथल्या पिकांची चौकशी केली. पिझ्झा आमचा होता. तो थंड झाला.

त्यांच्या हॉलमध्ये, इतरांच्या घरी जिथे टीव्ही असतो त्या भिंतीवर, त्यांचा वंशवृक्ष होता. काका निवृत्त ड्राफ्ट्समन. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्यात हयात घालवली. कारखाना गेला, तिथे आता टॉवर आहे, पण काकांचा हात गेला नव्हता. वंशवृक्ष ट्रेसिंग पेपरवर, शाईच्या पेनाने, टी-स्क्वेअरची पट्टी लावून काढलेला. पाने-फुले-फांद्या असलं काही नाही. चौकटी आणि रेषा. खाली उजव्या कोपऱ्यात 'ड्रॉइंग नंबर' आणि 'सुधारणा क्रमांक' असे रकानेही होते. नवीन चुलतभाऊ सापडला की सुधारणा क्रमांक बदले.

"ही रेष अशी तुटक का?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं. आजोबांच्या वरच्या सगळ्या रेषा तुटक होत्या.

"ड्रॉइंगमध्ये तुटक रेष म्हणजे न दिसणारा भाग," काका म्हणाले. "यंत्राच्या पोटातलं चाक बाहेरून दिसत नाही. पण असतं. मग ते तुटक रेषेने दाखवायचं."

त्या तुटक रेषांच्या टोकाला, सगळ्यात वर, एक मोठी रिकामी चौकट होती आणि तिच्यात बारीक अक्षरात 'आरमार' असं लिहिलं होतं. काकांचं असं ठाम मत होतं की आपला मूळपुरुष आरमारात होता. पुरावा काय, तर त्यांच्या घरातली एक चाल. लग्नकार्य निघालं की पहिली अक्षत गणपतीला, हे सगळ्यांकडेच असतं. त्यांच्याकडे दुसरी अक्षत पाण्याला. पत्रिका, सुपारी आणि हळदकुंकू लावलेले तांदूळ पाण्यात सोडायचे आणि म्हणायचं, 'पाण्यातल्या आई, कार्याला ये.' त्यांच्या लग्नात त्यांचे वडील मुलुंडच्या खाडीवर जाऊन सोडून आले होते.

"पाण्याला आमंत्रण कोण देतं?" काका मला विचारत, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगत, "दर्यावर्दी! ज्याचं घर समुद्रावर, तो!"

"एकदा माका दादरच्या चौपाटीर लाट लागली तर ह्ये टॅक्सीत जावन बसले," काकू आतून म्हणत. "दर्यावर्दी."

गावाचं नाव त्यांच्याकडे होतं. रत्नागिरीच्या बाजूचं एक गाव. वडिलांनी सांगितलेलं, वडिलांना आजोबांनी सांगितलेलं. आजोबा गिरणीत होते आणि लालबागला एका चाळीत, त्या गावच्या लोकांच्या खोलीत राहत. त्या काळी गिरणगावात एकेका गावाची अशी एकेक खोली असे. गावातून आलेला गडी सरळ तिथे वळकटी टाके. दिवसपाळीवाले रात्री झोपत, रातपाळीवाले दिवसा. तर आजोबा त्या खोलीतले, म्हणजे गाव ते. यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

अडचण एवढीच की गावाला ते मान्य नव्हतं.

काका दर मे महिन्यात तिथे जात. गावातली माणसं भली. त्यांना चहा देत, देवळात बसवत, पण ह्या आडनावाचं घर आमच्याकडे होतं असं काही कुणी म्हणेना. एका वर्षी एका म्हाताऱ्याने कंटाळून रानात पडलेलं एक जोतं दाखवलं आणि 'हेच असेल बहुतेक' म्हणून सांगितलं. काकांनी त्या 'बहुतेक'चा फोटो फ्रेम करून घेतला. तिथे हापूसचं कलम लावलं. ते पुढच्या वर्षीपर्यंत म्हशीने खाल्लं होतं.

मुलुंडमध्ये मात्र गावचे आंबे येत. मे महिन्याच्या शेवटी काका पेटी फोडून सोसायटीत घरोघरी चार-चार आंबे पोहोचवत. "गावचे आहेत," म्हणत. पहिल्या वर्षी आमच्याकडे काकूंनी आख्खी पेटीच ठेवायला दिली, कारण त्यांच्याकडे मुंग्या झाल्या होत्या. गवताखाली गुजराती वर्तमानपत्र होतं. मुलुंडमध्ये राहणाऱ्याला पेटी गावची नाही, इथल्याच बाजारातली आहे हे सांगावं लागत नाही. मी गवत पुन्हा नीट पसरलं. आंबे गोड होते.

पण काकांना खरी लागलेली गोष्ट वेगळीच होती, आणि ती मला काकूंनी सांगितली. लग्नानंतर काका पहिल्यांदा काकूंच्या माहेरी जत्रेला गेले. तिथे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकऱ्यांसाठी गुरव देवाकडे मागणं मागतो, घराण्यांची नावं घेतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. जावई नवा म्हणून गुरवाने विचारलं, "पावण्यांचो गाव खंयचो? गावचो देव कोण?" काकांना गावाचं नाव सांगता आलं, देवाचं नाही. गुरव थांबला. सगळा मांडव थांबला. मग गुरवाने नुसतं 'मुंबयचे पावणे' म्हणून वेळ मारून नेली.

"त्या दिसापासना ह्येंच्या डोक्यात गाव शिरलो तो शिरलो," काकू म्हणाल्या. "माजो भाव अजून 'मुंबयचे पावणे' म्हणान हाक मारता. ह्ये हसतत. पण रातचे जेवणत नाय नीट."

एवढं कळल्यावर मला त्या गुजराती कागदावरच्या आंब्यांचं हसू येईनासं झालं. वाईटच वाटलं मला.

अशात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पुण्याला नोकरी करणारी, मुलगा साताऱ्याकडचा. सासरच्यांनी पत्रिकेचा मजकूर पाठवला. त्यात त्यांच्या बाजूला 'मूळ गाव' म्हणून गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा असं भरगच्च होतं. काकांच्या बाजूची जागा मोकळी सोडलेली.

"ते रत्नागिरीचं टाक ना," मुलगी म्हणाली. "नाहीतर काहीच नको. बाबा, लोक पत्रिका वाचत नाहीत. लोकेशन बघतात फक्त."

"खोटं नाव छापणार नाही," काका म्हणाले. इतकी वर्षं ते तोंडाने सांगत होते, पण छापायची वेळ आली तेव्हा ड्राफ्ट्समन आडवा आला. मोजून खात्री न केलेलं माप त्यांनी आयुष्यात कधी ड्रॉइंगवर लिहिलं नव्हतं. "आणि मोकळी जागा पण सोडणार नाही. माझ्या मुलीच्या पत्रिकेत गाव असणार."

मुलगी कपाळाला हात लावून पुण्याला गेली. पत्रिका छपाईला जायला थोडेच दिवस उरले होते. काका रोज कुणाकुणाला फोन करत आणि संध्याकाळी भिंतीसमोर बसून राहत.

मी तेव्हा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. औषधांची खोकी छापणारी कंपनी. खोक्यांवरचा मजकूर तपासायचा हे माझं काम. माझ्या शेजारी बसणारी मुलगी मरोळच्या जुन्या गावठाणातली. तिच्या भावाचं लग्न निघालं, म्हणून एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने मला घरी नेलं. देवाला अक्षत द्यायचा दिवस होता. मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, शेंदूर लावलेला एक तांदळा, म्हणजे देवीचा गोल दगड, होता. तिच्या आईने त्याच्यासमोर पितळेची परात ठेवली, परातीत पाणी ओतलं, आणि पत्रिका, सुपारी, तांदूळ त्या पाण्यात सोडून हात जोडले. "पाण्यातल्या आई, कार्याला ये."

हे वाक्य मी काकांच्या तोंडून ऐकलं होतं.

"हे काय आहे?" मी मैत्रिणीला विचारलं.

"आमची देवी गं. आमचं मूळ गाव पाण्यात गेलं ना."

"कुठल्या पाण्यात?"

तिने मान उडवून पलीकडच्या टेकड्यांची दिशा दाखवली. मरोळच्या मागे, जंगलाला लागून पिण्याच्या पाण्याचा मोठा तलाव आहे. शहराला पाणी हवं म्हणून इंग्रजांच्या काळात तो बांधला, तेव्हा तिथे कुसुंबपाडा नावाचं गाव होतं. माणसांना उठवलं. ती वाट फुटेल तिकडे गेली. काहींनी जाताना देवीचा तांदळा उचलून आणला, पण तिचं स्थान खालीच राहिलं. म्हणून कार्याचं बोलावणं अजून पाण्याला जातं. पूर्वी बायका तलावावर जाऊन अक्षत टाकत. आता तिथे कुंपण आणि पहारा, म्हणून परात.

"अशी पाण्यात अक्षत दुसरं कुणी टाकतं?"

"दुसरं कशाला टाकेल? कुसुंबपाड्याचेच टाकणार."

मी मरोळला बसून औषधांच्या खोक्यांवर चुका शोधत होते आणि काकांचं गाव माझ्या ऑफिसच्या पाठीमागे पाण्याखाली होतं. संध्याकाळी पवईच्या रस्त्याने स्कूटी दामटत घरी आले आणि हेल्मेट न काढताच काकांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते आनंदाने उडी मारतील.

"योगायोग," काका म्हणाले.

"काका, शब्दसुद्धा तेच आहेत."

"शब्द काय, कुणीही म्हणेल. आमचं आरमार आहे. मरोळ कसं असेल? मरोळला बस जाते!"

"बोरिवलेच्या आत्येक विचारा," काकू म्हणाल्या.

बोरिवलीला काकांची एक आत्या होती. नव्वदीची, कानाने तल्लख, गुडघ्याने अधू. वंशवृक्षासाठी काकांनी तिच्याकडे किती खेटे घातले होते याला गणती नाही. "तिला काय विचारायचं राहिलंय?" असं पुटपुटत का होईना, रविवारी ते निघाले. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. मी चुकीची ठरले की लगेच तोंडावर सांगता यावं, हा हेतू.

आत्या पलंगावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. काकांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "आत्या, आपण लग्नात पाण्यात अक्षत टाकतो, ती कुणाला?"

"कुसुंबपाड्याच्या आईला. आणखी कुणाला?" आत्या म्हणाली आणि कोड्याचा एक शब्द भरला.

काकांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कधी? तू येतोस नि म्हणतोस, कोकणातलं गाव सांग. मग कोकणातलं सांगत होते."

मग तिने सांगितलं. गावावरून उठवल्यावर घराणं मरोळच्या आसपास कुणाकुणाच्या वाड्यांत राबून राहिलं. तिचा बाप, म्हणजे काकांचे आजोबा, गिरणीत लागला. काम मिळालं, पण पाठ टेकायला जागा नाही. गिरणगावात खोल्या गावागावांच्या. ज्याला गाव नाही त्याला खोली नाही, आणि याचं गाव तर पाण्याखाली. बरोबर काम करणारा रत्नागिरीचा एक जण म्हणाला, आमच्या गावचा म्हणून सांग, मी होय म्हणतो. आजोबांनी तसंच सांगितलं. पथारी मिळाली. पुढे लग्न झालं, पोरं झाली, वेगळी खोली झाली, पण एकदा सांगितलेलं गाव बदलता येईना.

"आम्हा पोरांना ताकीद होती," आत्या म्हणाली. "कुणी विचारलं तर रत्नागिरी. आई तेवढी कार्य निघालं की पाण्याला बोलावणं द्यायची. ते काही तिने सोडलं नाही. तुझ्या बापालाही तेवढंच शिकवलं." मग पुन्हा कोड्याकडे वळून म्हणाली, "तुला आडवं पाच अक्षरी येतंय का बघ."

काकांना आलं नाही.

त्यानंतरचे काही दिवस आमच्या मजल्यावर विचित्र शांतता होती. नवीन वॉचमन आला आणि काका त्याला गाव न विचारता जिना उतरून गेले, तेव्हा काकू घाबरून माझ्याकडे आल्या. "डाक्टराक दाखवूक व्हया काय गो?" मी त्यांच्याकडे गेले तर काका भिंतीसमोर बसले होते. आरमाराची चौकट त्यांनी ब्लेडने कापून काढली होती. ट्रेसिंग पेपरला तेवढं भोक पडलं होतं.

"तुम्ही लोक घर भाड्याने घेता," काका म्हणाले. "माझ्या आजोबांनी गाव भाड्याने घेतलं. आणि मी येड्यासारखा त्या दुसऱ्याच्या गावात मान मागत फिरलो. म्हशीने कलम खाल्लं ते बरं झालं."

"पण काका, आता खरं गाव मिळालं ना?"

"काय मिळालं? दाखवायला जोतं नाही, देऊळ नाही. मे महिन्यात कुठे जाऊ मी? पाण्यावर जाऊन बसू?" त्यांनी चष्मा काढला. त्यांना रडताना बघायला मला अजिबात आवडलं नाही. मी उगाच उठून खिडकी लावली.

खरं म्हणजे मला त्यांचं दुःख पुरतं कळत नव्हतं. घाटकोपरच्या मुलीला कसं कळणार? पण एक गोष्ट सुचली ती मी बोलून टाकली. "काका, न दिसणारा भाग कसा दाखवतात म्हणालात?"

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून टी-स्क्वेअर सरकवल्याचा खर्र खर्र आवाज आला. ऑफिसला निघताना डोकावले. नवा ट्रेसिंग पेपर लावलेला. वरच्या बाजूला तलावाचा काठ, अखंड रेषेने, नकाशावरून मोजून उतरवलेला. त्याच्या आत तुटक रेषेने एक गाव. घरं, वाट, देवीचं स्थान. घरांच्या जागा कुणालाच ठाऊक नव्हत्या, तेव्हा घरं काकांनी आपल्या मनाने मांडली होती, आणि बाजूला प्रामाणिकपणे 'अंदाजे' असं लिहिलं होतं. कोपऱ्यात सुधारणा क्रमांक वाढवला नव्हता, सरळ नवीन ड्रॉइंग नंबर घातला होता.

पत्रिका छापली. मूळ गाव : कुसुंबपाडा. मुलीने मोबाइलवर पाठवायची पत्रिका केली, तेव्हा बापाला बरं वाटावं म्हणून हॉलच्या लोकेशनसारखंच गावाचंही लोकेशन टाकलं. दाबलं की नकाशावर तलावाच्या मधोमध लाल खूण येई. काका ती दिवसातून अनेकदा दाबून बघत.

मग अक्षत द्यायचा दिवस. परातीला काका तयार नव्हते. "मरोळचे वर्षानुवर्षं देतायत, त्यांचं परातीत चालेल. आमचा पहिलाच फेरा. दारात जायला हवं." आम्ही तलावाच्या फाटकापर्यंत गेलो. काका, काकू आणि मुलगी रिक्षात, मी मागून स्कूटीवर. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि डोक्यावर टोपी.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "अंदर जाना मना है, अंकल. कहाँ जाना है?"

"गाव जाने का है," काका म्हणाले.

"इधर कौन सा गाँव है?"

"है. पानी के नीचे है."

पहारेकऱ्याने आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. आमच्यातलं कुणी वेडं असेल तर कोण, याचा तो विचार करत असावा. तेवढ्यात काकांना राहवलं नाही. "आपका गाव कौनसा?" त्यांनी विचारलं. मग जिल्हा झाला, तहसील झाली, नदी झाली, जत्रा झाली. गडी बिहारमधल्या सिवानकडचा निघाला. त्याच्या कुलदेवतेपर्यंत पोहोचल्यावर काकांनी त्याला आपलं सांगितलं. पत्रिका दाखवली.

"पत्रिका नहीं डाल सकते," तो म्हणाला. "पीने का पानी है."

"बरोबर हा तेचा," काकू म्हणाल्या. "कागद नको. लोक पितत."

मग ठरलं की तांदूळ तेवढे जातील आणि तेही तोच घेऊन जाईल. पत्रिका फाटकाजवळच्या दगडावर ठेवली. काकांनी हात जोडले, पण पुढे काय म्हणायचं ते त्यांना येईना. घरातलं एवढं एक वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते, पण तेही त्या दारात आठवेना. आम्ही सगळे उभे. पहारेकरी ओंजळीत तांदूळ घेऊन उभा.

"गुरव नाय तर नाय," काकू म्हणाल्या. पदर खोचला आणि पुढे झाल्या. "मी घालतंय गाऱ्हाणा. तुमी सगळ्यांनी व्हय म्हणायचा."

आणि त्यांनी खणखणीत आवाजात सुरू केलं.

"बाय माजे, कुसुंबपाड्याचे आवशी! आज हो तुजो लेक तुज्या दारात इलो हा. तुका सोधूक तेना उशीर केल्यान, तां पोटात घाल गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी आणि मुलगी म्हणालो.

"ह्येच्या आज्यान पोटासाठी दुसरो गाव सांगल्यान, तेचो राग धरू नको गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

मग त्यांनी काकांच्या घराण्याचं नाव घेतलं. आडनाव, आजोबांचं नाव, वडिलांचं नाव, काकांचं नाव. स्वतःच्या नवऱ्याचं नाव त्यांनी घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "ह्या घराण्याचा चेडू आता लग्नाक उभा ऱ्हवला हा. तेच्या कार्याक ये, आणि ह्येका परत दुसऱ्याच्या गावात मान मागूक जावची पाळी आणू नको गे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो, आणि या वेळी पहारेकरीही म्हणाला. तांदूळ घेऊन तो आत गेला. जाळीतून आम्हाला तो पाण्याच्या कडेला वाकलेला दिसला. काका टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. काकूंनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "चला, रिक्षा थांबली हा," म्हणाल्या.

लग्न झकास झालं. फक्त नवऱ्यामुलाचे एक मामा साताऱ्याहून गाडीने येताना पत्रिकेतली चुकीची खूण दाबून थेट तलावाच्या फाटकावर पोहोचले. तिथे त्यांना पहारेकऱ्याने सांगितलं, "शादी इधर नहीं है. इधर सिर्फ गाँव है." मामा अक्षता पडून गेल्यावर आले आणि तावातावाने हे सांगू लागले. काकांनी त्यांना मिठीच मारली.

तेव्हापासून काकांनी बाजारचे आंबे वाटायचं बंद केलं. त्यांच्या घरी कुणीही आलं की पहिल्यांदा तांब्याभांडं पुढे येई. "घ्या. गावचं पाणी आहे." माझा नवरा पालिकेच्या कामांची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याने न राहवून एकदा सांगितलं, की काका, त्या तलावाचं पाणी लांबच्या मोठ्या तलावांच्या पाण्यात मिसळून येतं, मुलुंडच्या नळात त्याचा थेंबभर वाटा असला तर असला.

"थेंबभर पुरे," काका म्हणाले. "घाटकोपरला थेंबभर तरी आहे का?"

पुढे आमचं घर झालं आणि आम्ही नाहूरला गेलो. एकच स्टेशन, पण निघताना काकांनी बाटली भरून दिली. परगावी जाणाऱ्या मुलीला देतात तशी. नळ नाहूरलाही आहे असं मी म्हटलं नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी काकूंचा फोन आला. पोहोचले तेव्हा घरात शेजारपाजारचे जमले होते. डॉक्टर येऊन गेले होते. काका कॉटवर होते, भिंतीकडे तोंड करून. श्वास लागला होता, पण मी दिसले तेव्हा ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मला वाटतं, 'गाव' असंच काहीतरी असावं.

कुणीतरी देवघरातला गंगेचा सीलबंद गडू आणला आणि तो फोडायला चाकू शोधू लागलं. काकूंनी तो त्या माणसाच्या हातातून घेतला आणि जागेवर नेऊन ठेवला. मग स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडल्याचा आवाज आला. भांडं घेऊन त्या बाहेर आल्या, तुळशीचं पान बुडवलं आणि काकांच्या ओठांवर धरलं.

"अहो, गंगा असताना नळाचं कशाला?" शेजारच्या बाई कळवळून म्हणाल्या.

"नळाचा नाय," काकू म्हणाल्या. "ह्येंच्या गावचा हा."